विहिरीला लावलेला फोन

सुभद्राबाई उसाच्या फडात उभी राहून आपल्या विहिरीला फोन लावायची.

विहीर नेकनूरजवळच्या माळावर. फड गेवराईकडे, गोदाकाठच्या काळ्या रानात. मधे अख्खं बीड शहर. सुभद्राबाई कोयता पाचटावर टाकायची, हात पदराला पुसायची, कमरेच्या पिशवीतून फोन काढायची आणि नंबर लावायची. पलीकडं विहिरीच्या काठावर खांबाला एक लोखंडी पेटी होती. पेटीत मोबाईल स्टार्टर. त्याच्या पोटातही एक सिमकार्ड. रिंग गेली की पेटी आपणहून फोन उचलायची. मग एकचा आकडा दाबला की मोटार चालू, तीनचा दाबला की बंद. इकडं उसात बोट हललं की तिकडं कांद्यावर तुषारचे फवारे फिरायला लागायचे.

हे पहिल्यांदा घडलं तेव्हा ती विहिरीवरच होती. पेटी बसवणारा त्रिंबक म्हणाला, "काकू, लांब जाऊन लावा." ती बांधापर्यंत गेली आणि एक दाबलं. पेटीला कुणी हात लावला नाही, आणि पाण्याखाली मोटार घरघरली. पाइपातून पाणी उसळलं. सुभद्राबाईनं तिथल्या तिथं चपला काढल्या.

"काटा मोडला का?" त्रिंबकानं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली.

ती विहीर काय आहे हे तिच्या मानेला माहीत होतं. विहीर खणली तेव्हा बजरंग, तिचा नवरा, खाली पहार मारायचा आणि फुटलेला दगड ती डोक्यावर काढायची. वरचा मुरूम हलका. खालचा काळा दगड जड, आणि ओला असला तर टोपल्यातून मानेवर गळायचा. पाणी लागलं त्या दिवशी तिनं ते आधी ऐकलं, मग पाहिलं. म्हणून तळाशी खडा पडला तर कसा वाजतो, माणूस आत बोलला तर आवाज कसा फिरून वर येतो, हे तिला न बघता कळायचं.

दिवाळी झाली की ती आणि बजरंग तोडीला निघायचे. तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. बजरंगानं ऊस बुडातून तोडायचा, तिनं शेंडा छाटायचा, पाचट सोलायचं, मोळी बांधायची. मग मोळी डोक्यावर घेऊन तिरप्या लावलेल्या फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढायचं. फळी लवते. लवली की थांबायचं नाही. थांबलं की मोळीचा तोल जातो, आणि मोळीच्या मागं बाई जाते. हे काम तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ती चुकतही नव्हती.

घरी सासरा राहायचा. भगवानराव. वय झालेलं, छातीत कायमचा खोकला, हातपाय मात्र अजून कामाचे. कांद्याची देखरेख त्यांच्याकडं. पण वस्तीपासून विहीर लांब, लाईट कधी येईल याचा भरवसा नाही, आणि वाटेत बिबट्याची भीती. म्हातारा अंधारात मोटार चालू करायला जाऊ नये म्हणून तर ती पेटी बसवली होती. भगवानराव दिवसा जाऊन फवारे इकडचे तिकडे करायचे. पाणी सोडायचं सुभद्राबाईनं.

पेटीला एक बारीक माईक होता. चोर वायर तोडायला आला तर ऐकू यावं म्हणून. सुभद्राबाई त्याचं वेगळंच करायची. फोन लागला की ती लगेच एक दाबायची नाही. आधी ऐकायची. काठाच्या बाभळीत वारा. सुगरणींचा कलकलाट, कारण त्यांचे खोपे विहिरीवरच लोंबत होते. एखादा होला. पाइपाच्या सांध्यातून ठिबकणारं पाणी. माणसाचा आवाज कधीच नाही. ती डोळे मिटून कानाला फोन दाबून धरायची, आणि कारखान्याच्या धुराड्याचा वास अंगावर असताना तिच्या रानातला वारा तिच्या कानात शिरायचा. हे कसं होतं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. कळावं असंही तिला फार वाटलं नाही.

ट्रॅक्टरचा ड्रायव्हर म्हाळू तिला खिजवायचा. "वैनी, कुणाचा फोन?"

"विहिरीचा."

"काय म्हणती?"

"तुज्यापरीस कमी बोलती."

बाया हसायच्या. म्हाळूही हसायचा. "पर वैनी, फोन बदला आता. विहीर नवी आन फोन हडप्पाचा."

फोन खरंच म्हातारा झाला होता. तो आधी तिच्या लेकीचा, दिपालीचा. दिपाली बीडला नर्सिंगला गेली, तिनं नवा घेतला, जुना आईकडं आला. काचेला कोपऱ्यातून चीर. चिरेत पाचटाचं कूस अडकलेलं. पाठीचं झाकण निसटायचं म्हणून त्यावर रबर. सकाळी भरलेली बॅटरी दुपारी संपायची. आणि या हंगामात नवीनच खोड लागली होती. कुणी हात न लावता पडद्यावर काहीबाही उघडायचं. एकदा पिशवीतल्या पिशवीत दिपालीला फोन लागला आणि तिच्या वर्गात पाचटाची सळसळ ऐकू आली.

"आई, फोन बदल," दिपालीनं संध्याकाळी सांगितलं.

"चालतंय की."

"चालत न्हाई. आपल्याआपण चालतंय. त्यात फरक हाय."

सुभद्राबाईला हत्यारं कधी बदलायची हे कळायचं. कोयत्याची मूठ जुनी झाली म्हणून कुणी टाकत नाही. मूठ हातात फिरली, की त्याच दिवशी टाकायची. उद्यावर ठेवायची नाही, कारण उद्या तो कोयता पोटरीत बसतो. दोराचं तसंच, चपलेच्या अंगठ्याचं तसंच. फोनाचं मात्र तसं कळेना. तो रोज थोडा बिघडायचा आणि रोज थोडा चालायचा.

पण न बदलण्याचं खरं कारण वेगळं होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पेटी बसवून झाल्यावर त्रिंबकानं तिचा फोन हातात घेतला, दोन-चार वेळा काहीतरी दाबलं, आणि परत देताना म्हणाला, "काकू, ह्यो स्टार्टर आता ह्याच्याशी बांधलाय. दुसऱ्या कुणाचं ऐकायचा न्हाई."

बांधलाय. हा शब्द तिनं दावणीचा शब्द म्हणून घेतला. त्यांच्या घरी पूर्वी एक खोंड होता. तो एकट्या सासूच्या हातचं ऐकायचा. सासू गेली, आणि त्या खोंडानं पुढं कुणालाच खांद्याला हात लावू दिला नाही. शेवटी विकावा लागला. पेटीचंही तसंच असणार. ती या फोनाला ओळखते. त्याची काच फुटलेली, त्याचा आवाज बसका, तो आवाज पेटीनं ओळखला आहे. दुसरा फोन आणला आणि पेटीनं तोंड फिरवलं तर? विहीर हातची जायची. कांदा पोसायला लागला होता. आता पाणी चुकलं तर गाठच भरणार नाही.

दिपालीला तिनं आडून विचारलं. दिपाली म्हणाली, "ते नंबराला असतंय आई, फोनाला न्हाई. सिम काढायचं, नव्यात घालायचं."

"तू कुणाचं घालून बघितलं का, पेटीवालं?"

"न्हाई."

"मंग?"

दिपालीनं कपाळाला हात लावला असणार. ते फोनवर दिसलं नाही.

त्या दुपारी ट्रॅक्टर आला नाही. वाटेत चाक फुटलं असा म्हाळूचा निरोप. तोडलेला ऊस बांधून पडला होता, भरायला ट्रॉली नव्हती. बजरंग मोळीला टेकून तंबाखू मळत होता. शेजारच्या कोपीतली, पाचटाच्या झोपडीतली रोहिणी, नवीन लग्न झालेली पोर, वाढ्याच्या, छाटलेल्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधत होती. ऊन तापलेलं. सुभद्राबाईला कांदा दिसायला लागला. आज पाण्याची पाळी नव्हती, पाळी उद्याची. पण या आठवड्यात लाईट दिवसाची होती आणि हात मोकळे होते. थोडं पाणी फिरवलं तर बिघडतं काय?

तिनं फोन लावला. पेटीनं उचलला. ती नेहमीसारखी ऐकायला लागली.

सुगरणी गप्प होत्या. हे पहिलं. होलाही नव्हता. मग लोखंडावर लोखंड वाजलं. आणि मग कुणीतरी खोकलं.

खोकला सासऱ्याचा. तो तिनं लग्न झाल्यापासून भिंतीपलीकडून ऐकला होता. पण हा खोकला काठावरचा नव्हता. त्याला घुमारा होता. तो खालून निघाला, दगडाला लागला, फिरला आणि मग वर आला. म्हातारा विहिरीत उतरला होता. पार पाण्याजवळ.

तिचं बोट एकच्या आकड्यावर होतं. तिनं ते उचललं. गरम तव्यावरून उचलावं तसं.

"आवं," ती बजरंगला म्हणाली. "आवं, मामा विहिरीत हायेत."

"कुठं?"

"विहिरीत. आत. मोटारीपाशी."

बजरंग उठला. आणि तेवढ्यात पडद्यावर सातचा आकडा उमटला. तिनं दाबला नव्हता. तिचं बोट हवेत होतं. मग आठचा. मग पुन्हा सात. चिरेच्या कडेनं आकडे आपोआप उमटत वर चढत होते. सातनंतर चार. चारच्या डोक्यावर एक.

तिनं लाल बटण दाबलं. लागेना. अंगठ्यानं दाबलं, लागेना. बोटांची कातडी उसानं जाड केलेली, काच मेलेली. पुन्हा चार उमटला.

"फेकून दे!" बजरंग ओरडला.

फेकून काय होणार? फोन पाचटात पडेल आणि पाचटात पडूनही एक दाबेल. तिनं तो उलटा केला. रबर तोडलं. झाकणाच्या फटीत नख घातलं, नख तुटकं, शिरेना. मग तिनं कोयता उचलला. ज्या हातानं ती उसाचा शेंडा छाटायची त्याच हातानं कोयत्याचं टोक त्या फटीत घातलं आणि मनगट फिरवलं. इतकंच, जास्त नाही. झाकण उडालं. तिनं बॅटरी उपटून बाहेर काढली.

फोन मेला. फडात आवाज राहिला नाही.

आता तिला काहीच कळणार नव्हतं. बॅटरी निघायच्या आधी तो आकडा लागला होता की नव्हता? मोटार चालू झाली असेल तर बंद करायला तीन दाबावा लागतो, आणि तीन दाबायला फोनच नाही. गोदाकाठच्या रानात ती मेलेला फोन हातात धरून उभी होती, आणि जिथं ती रोज कानानं पोहोचत होती तिथं आता तिला पायानं जाता येत नव्हतं.

बजरंगानं आपल्या फोनवरून भारतला लावलं. भारत त्यांचा बांधशेजारी.

"भारत, पळ. आमच्या विहिरीवर पळ. दादा आत हायेत. आधी फ्यूज काढ, मग बघ."

"आँ? आत कावून गेले?"

"पळ रे बाबा, मंग इचार!"

पलीकडून धावण्याचा आवाज आला. भारतनं फोन बंद न करताच खिशात टाकला असावा. कापडाची घासाघास, धाप, ढेकळं. रोहिणी पेंढी सोडून जवळ आली आणि काही न विचारता सुभद्राबाईचा दंड धरून उभी राहिली. मग भारतचा आवाज आला, लांबून, विहिरीत वाकल्यासारखा.

"भगवानआण्णा! ओ आण्णा!"

आणि मग तो घुमारा. खालून, दगडाला लागून, फिरून आलेला. "काय बे, कावून कालवा करतो?"

सुभद्राबाई खाली बसली.

भगवानराव कड्या धरून वर आले, हातात शेवाळाचा लगदा घेऊन. मोटारीच्या जाळीला शेवाळ धरलं होतं, पाणी कमी यायला लागलं होतं, म्हणून ते उतरले होते. भारतनं फोन त्यांच्या कानाला लावला. बजरंगानं इकडं आवाज मोठा केला.

"दादा, फ्यूज न काढता उतरलात?"

"आज पाळी न्हाई ना. पाळी उद्या. सूनबाई पाळी मोडत न्हाई."

"आज मोडली तिनं. फोन लावलता."

मग म्हातारा सावकाश म्हणाला, "मंग मोटार कशी न्हाई चालू झाली?"

"तुमचा खोकला ऐकला तिनं."

"आरारा," भगवानराव म्हणाले. "दिवा दिसला न्हाई मला. खाली व्हतो ना."

"कसला दिवा?"

"पेटीला हिरवा दिवा हाय की. फोन आला की लागतो. दिवा लागला की लगीच मोटार चालू होत न्हाई, मदी येळ जातो. तेवढा येळ ती काय करीत आसंल? म्या म्हणलं, ऐकत आसंल. मंग म्या हाय तिथं गप उभा ऱ्हातो. पाय हलवीत न्हाई. लांब गेलेली लेकरं, रान ऐकावं वाटतंय. म्हातारं मदीच खोकत बसलं तर काय ऐकू येईल तिला?"

बजरंगानं बायकोकडं पाहिलं. सुभद्राबाईनं पदर तोंडाला लावला होता.

या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नव्हती. तशी रीतच होती. भाकरी झाली की सुभद्राबाई भिंतीला सांगायची, "जेवाय बसा म्हणावं." चहा हवा असला की भगवानराव दाराला सांगायचे, "च्या आसंल तर बघा म्हणावं." इतकी वर्षं भिंत आणि दार यांनीच त्यांचं बोलणं वाहिलं होतं. आणि या हंगामात ती ज्याला निर्मनुष्य रान समजून ऐकत होती, त्या रानात बऱ्याचदा एक म्हातारा उभा होता. छातीत खोकला दाटलेला, तोंडावर उपरणं दाबलेलं, दिवा विझायची वाट बघत. तो खोकला थोपवायला काय लागतं हे तिला माहीत होतं. तिनं त्यांना खोकताना आडवं झालेलं पाहिलं होतं. लवणाऱ्या फळीवर मोळी घेऊन चढायला जेवढं लागतं, त्याहून ते कमी नव्हतं.

"फोनाची पाठ कशानं उघडली वैनी?" संध्याकाळी म्हाळूनं विचारलं. ट्रॅक्टर दुरुस्त होऊन आला होता.

"कोयत्यानं."

म्हाळूनं झाकण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. बारीक ओरखडा होता, बाकी धक्का नाही. त्यानं झाकण परत दिलं आणि ट्रॉली भरायला मागं घेतली.

बॅटरी तिनं परत घातली नाही. बजरंग म्हणाला, "सिम माज्या फोनात घालून बघ." ती नको म्हणाली. त्याच्या फोनावर मुकादमाचे फोन येत, पोरं गाणी लावत, कुणाचंही बोट लागत होतं. विहिरीचा फोन विहिरीचाच असला पाहिजे. आणि जुना आता तिच्या हातात फिरला होता. मूठ फिरते तसा. उद्यावर ठेवायचा नव्हता. पेटीनं नव्या फोनाचं ऐकलं नाही तर कांदा जाईल, हे तिनं मनात धरूनच ठरवलं. गेला तर कांदा जाईल. कांदा पुन्हा लावता येतो.

"पर एक आसू द्या," ती बजरंगला म्हणाली. "दिवा लागला की त्यांनी बोलायला पायजे. वर हायेत का खाली, ते कळल्याबगर मी दाबायची न्हाई."

बजरंगानं बापाला सांगितलं. तिकडून उत्तर आलं, "सुनंशी काय बोलू म्या?"

"पेटीला सांगा. भिंतीला सांगता तसं."

गेवराईच्या बाजारादिवशी ती आणि रोहिणी दुकानात गेल्या. दुकानदारानं कॅमेरा दाखवला, रंग दाखवले. सुभद्राबाईनं फोन कानाला लावून पाहिला, हातात उलटा केला, बोटानं काच दाबून पाहिली. जाड बोटाला काच एका दाबात ओळखते का, एवढंच तिला पाहायचं होतं. तिसऱ्या फोनानं ओळखलं. तो तिनं घेतला. सिम काढताना तिनं दुकानदाराला हात थांबवायला लावला. जवळ वाकून तो नखाएवढा तुकडा पाहिला. खोंड, दावण, विहीर, सगळं एवढ्यात?

"एवढंच हाय?"

"एवढंच असतंय मावशी."

रस्त्यावर ट्रकांचा गोंगाट. ती दुकानामागं गेली, जिथं पाण्याच्या टाकीची सावली पडली होती. घरी निरोप गेला होता. लाईट होती. रोहिणी चार पावलं मागं थांबली. सुभद्राबाईनं नंबर लावला. रिंग गेली. एक रिंग, आणखी एक. पेटी उचलेना. तिच्या मानेवर घाम आला. मग फोनात खट्ट झालं आणि रान उघडलं.

तिनं आजवर जे ऐकलं होतं ते गोणपाटाआडून ऐकल्यासारखं होतं. आता बाभळीच्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या. एक सुगरण खोप्यावर चोच आपटत होती. पाण्याचा थेंब सांध्यातून सुटत होता आणि खाली पाण्यावर पडत होता, आणि सुटणं आणि पडणं यांच्या मधलं अंतरही तिला ऐकू येत होतं. आणि त्या सगळ्याच्या अलीकडं, अगदी कानाशी, एका माणसाचा श्वास. छातीत घरघर असलेला, आवरलेला. तोही तिथंच होता. कदाचित रोजच होता.

श्वास थांबला. भगवानरावांनी घसा साफ केला. ते पेटीला बोलले नाहीत, भिंतीला बोलले नाहीत.

"सुभद्रा," ते म्हणाले, "वर हाय मी. सोड पाणी."

पेटीतून तिकडं आवाज जात नव्हता. तिनं ओ दिली असती तरी त्यांना ऐकू आली नसती. बाजारात, टाकीच्या सावलीत, तिनं डोक्यावर पदर घेतला आणि एक दाबलं.